बाहेरच्या लाकडी दाराचे वॉर्निश वर्षभरात सुटले: दुरुस्ती, बसवणी आणि निगा

उंबरठा (धागाकर्ता)

मागच्या वर्षी घराच्या दर्शनी बाजूला सागवानाचे नवे दार बसवले. ते २१०० मिमी उंच, ९०० मिमी रुंद आणि ४० मिमी जाड आहे. कडेच्या दोन उभ्या पट्ट्या, तीन आडव्या पट्ट्या, मधली एक उभी पट्टी आणि त्यांच्या खाचांमध्ये बसवलेली चार पॅनेले, अशी त्याची नेहमीची रचना आहे. दाराचे तोंड पश्चिमेला असल्यामुळे दुपारनंतरचे ऊन थेट अंगावर येते आणि वरचा सज्जा जेमतेम दोन वितींचा आहे. लाकडाचा मूळ रंग दिसावा या हौसेपोटी मी पारदर्शक पॉलियुरेथेन वॉर्निश मारायला सांगितले आणि सुताराने त्याचे तीन हात मारले.

अकरा महिन्यांनंतरची अवस्था अशी आहे. दाराच्या खालच्या तिसऱ्या भागात वॉर्निश आधी दुधाळ झाले आणि आता त्याचे पापुद्रे नखानेही निघतात. मुठीच्या स्क्रूंभोवती काळे डाग पडले आहेत. पावसाच्या दिवसांत दार कुलपाच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात घासत होते, हवा कोरडी झाल्यावर ते घासणे कमी झाले, परंतु पूर्ण थांबलेले नाही. शिवाय दोन पॅनेलांच्या कडेला तीन-चार मिलिमीटर रुंदीची फिकट पट्टी दिसू लागली आहे, जणू तेथे रंग लावायचा राहून गेला असावा. सुतार म्हणतो की घासणारा कोपरा रंध्याने साफ करू आणि वरून आणखी दोन हात मारू. तसे करावे की नाही, याबद्दल जाणकारांचे मत हवे आहे.

रंधा

माझे टोपणनाव रंधा असले तरी पहिला सल्ला हाच देतो की रंधा आत्ता हातात घेऊ नका. एकदा उतरवलेले लाकूड परत चढवता येत नाही, आणि दमट हवेत फुगलेले दार तासले तर कोरड्या दिवसांत त्याच जागी बोटभर फट दिसते.

दार कुठे घासते यावरून कारण बरेचसे कळते. कुलपाच्या बाजूची संपूर्ण कड वरपासून खालपर्यंत घासत असेल, तर लाकूड फुगले आहे असे समजावे. फक्त वरचा कोपरा घासत असेल, तर बहुतेक वेळा वरची बिजागरी सैल होऊन दार पुढे झुकलेले असते. तुमच्याकडे कोरड्या हवेतही घासणे पूर्ण थांबत नाही, त्यामुळे मला दुसऱ्या कारणाचा संशय येतो. दार अर्धे उघडा, मूठ धरून हलकेच वर उचला आणि वरच्या बिजागरीकडे पाहा. पत्रा लाकडापासून जरासा जरी सुटताना दिसला तरी दोष तिथेच आहे. सागवानाचे वजन घनमीटरला साधारण ६५० किलो धरले, तर या मापाचे भरीव दार ५० किलोच्या आसपास जाते आणि पॅनेलचे दार त्याहून थोडे हलके भरते. त्या वजनाने वरची बिजागरी चौकटीपासून ओढली जात असते आणि खालची दाबली जात असते, म्हणून आधी वरचेच स्क्रू सैल होतात.

स्क्रूची भोके मोठी झाली असतील तर त्यात आगकाड्या कोंबून वेळ मारून नेण्याची पद्धत सर्वांनाच माहीत आहे, पण बाहेरच्या जड दाराला ती पुरत नाही. भोक ८ किंवा १० मिमीचे करून घ्या, पाण्यात न सुटणारा सरस लावून टणक लाकडाची गोल खुंटी ठोका, सरस वाळला की पृष्ठभागाशी सपाट कापा आणि मग नव्याने बारीक भोक पाडून स्क्रू बसवा. वरच्या बिजागरीतला एक स्क्रू एवढा लांब घ्यावा की तो चौकटीच्या लाकडातून आरपार जाऊन मागच्या भिंतीत, योग्य प्लगमध्ये, पकडला जाईल.

ओळंबा

रंधा यांच्याशी सहमत आहे. मात्र बिजागरी सैल होणे हा या दाराचा एक आजार झाला, मोठा आजार मला वेगळीकडे दिसतो. पापुद्रे खालच्या तिसऱ्या भागातच का निघाले, याचा विचार करावा लागेल. ऊन तर सगळ्या दारावर सारखेच पडते.

उंबरठा, एक लहान आरसा घ्या, दार उघडून तो त्याच्या तळाखाली सरकवा आणि तळाच्या कडेला वॉर्निश आहे का ते पाहून सांगा. वरची कडसुद्धा शिडीवर चढून पाहा.

उंबरठा

आरसा लावून पाहिले. तळाची कड पूर्ण कोरी आहे, करवतीच्या खुणा आणि पेन्सिलीची रेघसुद्धा जशीच्या तशी दिसते. वरची कडही कोरीच आहे. हे माझ्या कधी ध्यानातच आले नसते.

ओळंबा

तसेच असणार, असे वाटले होते. दार बसवताना खालून थोडे कापावे लागते आणि कापलेली बाजू पुन्हा बंद करायची राहते, कारण दार लटकवल्यावर ती कोणालाच दिसत नाही. वास्तविक दारातली सर्वांत तहानलेली जागा तीच असते. लाकडाच्या रेषा म्हणजे लांबच लांब नळ्या असतात. या नळ्यांची तोंडे उभ्या पट्ट्यांच्या वरच्या आणि खालच्या टोकाला उघडी पडतात, आणि त्या छेदातून पाणी सपाट बाजूपेक्षा कित्येक पटींनी वेगाने आत शिरते. उंबरठ्यावर आपटून उडणारे पाणी तुमच्या दाराने खालून वर्षभर शोषले. मग ऊन पडल्यावर तेच पाणी वाफ होऊन समोरच्या बाजूने बाहेर पडू पाहते आणि वॉर्निशच्या पापुद्र्याला आतून ढकलते. म्हणून खालचा भाग आधी दुधाळ झाला आणि मग सुटला. वरून आणखी दोन हात मारणे म्हणजे ओल्या भिंतीवर रंग देण्यासारखे होईल.

फुगण्याचे गणितही मांडून ठेवतो, कारण त्यातून दाराची रचना अशी का असते ते कळते. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, जे काही फुगते ते रेषांना आडवे, म्हणजे रुंदीत. हवेतली सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकडातला ओलावा कालांतराने ९ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो, आणि हवा ८० टक्क्यांवर राहिली तर तो १६ टक्क्यांपर्यंत जातो. सागवानाची वाढ-वलयांच्या दिशेने कापलेली फळी ओलाव्याच्या या ७ टक्क्यांच्या फरकाने रुंदीत सुमारे १.३ टक्के फुगते. संपूर्ण दार फळ्या सलग चिकटवून केले असते, तर ९०० मिमीमागे ही वाढ १२ मिमीच्या घरात गेली असती. तुमच्या दारात मात्र रुंदी ठरवणाऱ्या आडव्या पट्ट्यांच्या रेषा आडव्याच धावतात, त्यामुळे फुगतात त्या फक्त कडेच्या दोन उभ्या पट्ट्या. त्या प्रत्येकी १२० मिमी रुंद धरल्या तर २४० मिमीमागे वाढ सुमारे ३ मिमी होते. वलयांना काटकोनात कापलेले लाकूड असेल तर याच्या साधारण निम्मी. सागवान याबाबतीत मुळातच शांत स्वभावाचे लाकूड आहे, इतर अनेक लाकडे याहून अधिक हालतात.

पॅनेलच्या कडेची फिकट पट्टी हा याच गणिताचा दुसरा पुरावा आहे. पॅनेल खाचेत मोकळे ठेवायचे असते, त्याला सरस लावायचा नसतो, म्हणजे ते आतल्या आत फुगते आणि आकसते. सुताराने दार जोडल्यानंतर वॉर्निश मारले, तेव्हा पॅनेलच्या कडा खाचेत लपलेल्या होत्या. हवा कोरडी झाल्यावर पॅनेल आकसले आणि लपलेली कोरी कड उघडी पडली. पॅनेले जोडण्यापूर्वीच चहूबाजूंनी रंगवून घेतली असती तर हे दिसले नसते.

शंकेखोर

मूळ प्रश्नाला धरून एक शंका विचारतो. तळ बंद केला असता, तर हेच पॉलियुरेथेन टिकले असते का? घरातल्या टेबलावर मी तेच वापरले आहे आणि त्याला काहीही झालेले नाही.

रोगण

थोडे अधिक टिकले असते, पण फार नाही. घरातल्या टेबलावर ऊन पडत नाही. पारदर्शक थरातून अतिनील किरण आरपार जातात आणि लाकडातल्या लिग्निनचे विघटन करतात. लिग्निन हा लाकडाचे तंतू एकमेकांना धरून ठेवणारा घटक आहे. तो पृष्ठभागावर सैल झाला की वॉर्निश स्वतः शाबूत असूनही त्याच्या खालची जमीनच निघून जाते. पापुद्रा उचलून त्याची मागची बाजू पाहा, तिला लाकडाचे बारीक तंतू चिकटलेले दिसतील. याच कारणामुळे तासलेले कोरे लाकूड दोन-तीन आठवडे उन्हात ठेवून मग रंगवले, तर रंगाची पकड कमी भरते.

शिवाय घरातल्या वापरासाठीचे पॉलियुरेथेन टणक आणि ठिसूळ असते. ओरखडे पडू नयेत म्हणून ते तसे केलेले असते. बाहेरचे लाकूड रोज थोडेथोडे हालते आणि ठिसूळ थराला त्या हालचालीबरोबर ताणता येत नाही, म्हणून त्याला केसासारख्या भेगा पडतात आणि पाणी आत जाते. बाहेरच्या कामासाठी जहाजांच्या डोलकाठ्यांवर वापरले जाणारे स्पार वॉर्निश घ्यावे. त्यात तेलाचे प्रमाण जास्त असते, त्यामुळे ते लवचिक राहते, आणि चांगल्या प्रतीच्या वॉर्निशमध्ये अतिनील किरण शोषणारी द्रव्ये घातलेली असतात. ही द्रव्ये थराच्या जाडीनुसार काम करतात, म्हणून तीन हातांवर भागत नाही, पाच ते सहा हात लागतात. लाखेचे पॉलिश आणि मेलामाइन यांचा बाहेरच्या दारासाठी विचारही करू नये. लाखेवर पाणी साचले की ती पांढरी पडते.

जवस

मी रोगण यांच्याशी सहमत नाही. पश्चिमेच्या उन्हात कोणतेही पारदर्शक वॉर्निश हे कर्जासारखे असते, आज ना उद्या ते सव्याज फेडावे लागते. पापुद्रा सुटला की संपूर्ण दार खरवडावे लागते, आणि नक्षीच्या कडांमधून जुने वॉर्निश काढण्याचे काम ज्याने एकदा केले आहे तो पुन्हा त्या वाटेला जात नाही. माझ्या दाराला मी तेल लावतो. तेल लाकडात मुरते, वर पापुद्रा धरत नाही, त्यामुळे सुटण्यासारखे काही नसते. वर्षातून एकदा धुवायचे, हलका काचकागद फिरवायचा, फडक्याने तेल लावायचे, पंधरा-वीस मिनिटांनी न मुरलेले तेल पुसून घ्यायचे, एवढेच काम असते.

रोगण

जवस, तुमच्या पद्धतीतला साधेपणा मला मान्य आहे, पण तिच्या मर्यादाही सांगायला हव्यात. निव्वळ जवसाचे तेल ही दमट हवेत बुरशीची मेजवानी असते आणि बाहेर ते काळपट पडते. कच्चे तेल वाळायला कित्येक दिवस घेते. बाजारात ज्याला उकळलेले तेल म्हणतात ते बहुधा उकळलेले नसते, त्यात वाळवणारी धातूंची संयुगे घातलेली असतात. बाहेरच्या वापरासाठी बुरशीनाशक आणि रंगद्रव्य घातलेले तयार तेलच घ्यावे. पारदर्शक तेल अतिनील किरणांना अजिबात अडवत नाही, लाकूड राखाडी व्हायचे ते होतेच. पाणीही ते वॉर्निशपेक्षा कमी अडवते, त्यामुळे दाराची फुगण्याची तक्रार वाढू शकते. बाकाला किंवा कुंपणाला ती हालचाल चालून जाते, पण ३ मिमीच्या फटीत बसणाऱ्या दाराला चालत नाही.

जवस

रंगद्रव्याचा मुद्दा मान्य आहे, मीही तपकिरी छटेचेच तेल वापरतो. तेल वापरणाऱ्यांसाठी एक सूचना मात्र ठळकपणे देतो. तेलाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि घडीत अडकलेली उष्णता वाढत जाऊन फडके आपोआप पेट घेऊ शकते. फडकी उघड्यावर एकेक पसरून पूर्ण कडक वाळू द्यावीत, किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवावीत.

ब्रश

दोघांचाही रोष पत्करून सांगतो, सर्वांत जास्त टिकतो तो अपारदर्शक रंग. रंगद्रव्य अतिनील किरणांना लाकडापर्यंत पोहोचूच देत नाही. चांगला प्रायमर आणि त्यावर बाहेरच्या वापराच्या रंगाचे दोन हात दिले, तर आडोशाचे दार सहज सात-आठ वर्षे काढते. पण सागवान घेतल्यावर ते झाकायला कोणाचे मन धजत नाही, हेही समजते. गडद रंग मात्र टाळावा. उन्हात गडद दार फिकट दारापेक्षा खूपच जास्त तापते, आणि तापलेली बाहेरची बाजू व गार आतली बाजू यांच्या ओढाताणीत दाराला बाक येतो. रंगवताना ब्रश पॅनेलच्या खाचेत दाबून रंग भरू नये, नाहीतर वाळलेला रंगच पॅनेलला पट्टीशी चिकटवतो आणि आकसताना पॅनेल मधोमध तडकते.

उंबरठा

सर्व मते वाचली. रंग देण्याची मनाची तयारी नाही, आणि दर वर्षी तेल लावण्याची शिस्त माझ्या अंगी आहे असे प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. त्यामुळे जुने वॉर्निश पूर्ण काढून, आधी हलक्या छटेचा स्टेन (लाकडात मुरणारा पातळ रंग) आणि त्यावर स्पार वॉर्निश, असा मध्यम मार्ग घ्यावा असे वाटते. सुताराकडून काम करून घेताना नेमके कशावर लक्ष ठेवावे?

रोगण

स्टेनचा निर्णय योग्य आहे, त्यातले रंगद्रव्य वॉर्निशखालच्या लाकडाला सावली देते. कामासाठी कोरड्या हवेचे दिवस निवडावेत आणि यामागे दोन कारणे आहेत. एक तर ओल्या लाकडावर मारलेला हात पुन्हा आतून सुटेल. दुसरे म्हणजे कोरड्या हवेत पॅनेले सर्वाधिक आकसलेली असतात, त्यामुळे ती फिकट पट्टी पूर्ण उघडी असते आणि तिच्यावर स्टेन व वॉर्निश लावून घेता येते. बाहेरच्या बाजूबरोबर आतल्या बाजूलाही तितकेच हात मिळाले पाहिजेत. एक बाजू जाड थराने बंद आणि दुसरी कोरी राहिली तर ओलावा एकाच बाजूने ये-जा करतो आणि दार पीळ खाते.

दार बिजागऱ्यांतून काढून आडवे ठेवावे, मूठ, कुलूप आणि बिजागऱ्या पूर्ण सोडवाव्यात. जुने वॉर्निश खरवडणीने आणि रंग काढण्याच्या द्रावणाने काढावे. यंत्राचा काचकागद सपाट भागावर ठीक आहे, नक्षीच्या कडेवर फिरला तर ती कायमची बोथट होते. शेवटचा हात रेषांच्या दिशेने, १२० आणि मग १५० नंबरच्या कागदाने फिरवावा. याहून गुळगुळीत करण्याचा मोह टाळावा, कारण फार गुळगुळीत पृष्ठभागात पहिला हात नीट मुरत नाही.

मुठीभोवतीचे काळे डाग म्हणजे बुरशी नसावी. लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याचा ओल्या लोखंडाशी संयोग झाला की असा निळसर-काळा डाग पडतो, म्हणजेच स्क्रू लोखंडी आहेत. ऑक्झॅलिक आम्लाचे कोमट पाण्यातले द्रावण पुडक्यावर दिलेल्या प्रमाणात करून डागावर लावावे, काही वेळ ठेवावे आणि स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुवावे. हे आम्ल विषारी आहे, हातमोजे आणि चष्मा घालावा. धुण्यात कसूर राहिली तर पुढे घासताना त्याची भुकटी नाकातोंडात जाऊन त्रास होतो. त्यानंतर दार पूर्ण वाळू द्यावे. स्क्रू बदलून स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. वॉर्निशच्या दोन हातांमध्ये घासण्यासाठी लोखंडी लोकर वापरू नये, तिचे तुटलेले बारीक धागे लाकडात राहतात आणि नंतर त्याच काळ्या डागांचे ठिपके उमटतात.

सागवान तेलकट असते आणि ते तेल वॉर्निशला धरू देत नाही, शिवाय वाळायलाही उशीर लावते. म्हणून स्टेन लावण्यापूर्वी अॅसिटोनने भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने सारे दार पुसून घ्यावे आणि पुसल्यानंतर फार वेळ न दवडता काम सुरू करावे, कारण आतले तेल पुन्हा वर येते. स्टेन पूर्ण वाळला की वॉर्निशचा पहिला हात पंधरा ते वीस टक्के थिनर घालून पातळ करावा, म्हणजे तो मुरेल. पुढचे हात घट्ट, दोन हातांमध्ये किमान एक रात्र आणि २४० नंबरच्या कागदाचा हलका हात. डबा हलवून घुसळू नये, पट्टीने सावकाश ढवळावा, नाहीतर हवेचे बुडबुडे थरात अडकतात. थेट उन्हात किंवा दव पडण्याच्या वेळेला काम करू नये.

तळ, माथा, कुलपाचे भोक, बिजागऱ्यांच्या खाचा आणि मुठीची भोके यांना समोरच्या बाजूपेक्षा जास्त हात द्यावेत. तळाच्या छेदावर पातळ इपॉक्सीचे (दोन घटक मिसळल्यावर घट्ट होणाऱ्या राळेचे) दोन हात देऊन वर वॉर्निश मारले तर फारच उत्तम. सुतार काम करत असताना तुम्ही एकच गोष्ट पाहणार असाल, तर ती हीच पाहा.

दोन

मध्येच विचारतो, क्षमस्व. आमचे दार फार जुने आहे आणि त्यावर रंगाचे कित्येक थर आहेत. तेही याच पद्धतीने घासून काढावे का?

रोगण

कोरडे घासू नका. जुन्या तेलरंगांमध्ये शिशाचे प्रमाण मोठे असू शकते आणि त्याची धूळ विशेषतः लहान मुलांना घातक असते. आधी शिसे तपासण्याच्या पट्टीने किंवा प्रयोगशाळेत तपासून घ्या. शिसे निघाले तर ओले करून खरवडणे किंवा रासायनिक द्रावणाने काढणे आणि सर्व कचरा गोळा करणे, हे माहीतगार माणसाकडूनच करून घ्यावे. ज्वाळेने रंग जाळून काढण्याची पद्धत तर अशा वेळी मुळीच नको.

ओळंबा

उंबरठा, दार खाली उतरले आहे तोवर चौकट तपासून घ्या, नंतर ते होत नाही. ओळंब्याने उभ्या बाजू दोन्ही दिशांनी पाहा आणि कर्ण मोजा. चौकटीला पीळ आहे का हे कळण्यासाठी समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोन दोऱ्या कर्णावर ताणून बांधा. मध्यभागी त्या एकमेकींना जेमतेम टेकल्या पाहिजेत. त्यांच्यात अंतर राहिले, किंवा एक दुसरीला दाबत असली, तर चौकट एका पातळीत नाही. अशा चौकटीत सरळ दारही वाकडे दिसते आणि दोष मात्र दाराला दिला जातो.

कडेला आणि वर सुमारे ३ मिमीची फट असावी. दार कोरड्या हवेत बसवत असाल तर कुलपाच्या बाजूला ४ ते ५ मिमी ठेवा, कारण फुगण्याची वेळ पुढे यायची आहे. कुलपाच्या बाजूची कड काटकोनात न ठेवता, दार बंद होताना जी कड चौकटीत आधी शिरते तिच्याकडे दोन-तीन अंश उतरती तासावी, ४० मिमी जाडीत ती सुमारे २ मिमी भरते. त्यामुळे दार बंद होताना तो कोपरा चौकटीला अडत नाही. तासायचे ते वॉर्निश मारण्यापूर्वीच तासून, दार एकदा लटकवून पाहावे. बिजागऱ्या दोन असतील तर तीन करा. वरची माथ्यापासून साधारण १८० मिमीवर, खालची तळापासून २५० मिमीवर, आणि तिसरी मध्यावर, म्हणजे ती बाक येण्यालाही आवर घालते. समुद्राजवळच्या हवेत ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील घ्यावे, ३०४ प्रतीवर तेथे चहाच्या रंगाचे डाग येतात. पितळी स्क्रू वापरायचे असतील तर आधी त्याच मापाचा पोलादी स्क्रू पिळून वाट करून घ्या, पितळेचे डोके फार लवकर तुटते.

चौकटीच्या उभ्या बाजूंचे पाय फरशीत गाडलेले असतील तर त्यांची स्थिती टोच्याने तपासा. लाकडातला ओलावा दीर्घकाळ २० टक्क्यांच्या वर राहिला की कुजवणारी बुरशी धरते, आणि गाडलेला पाय कधीच वाळत नाही. टोच्या सहज आत गेला तर तेवढा भाग तिरका कापून नवे पक्के लाकूड सांधावे. नव्या तुकड्याच्या तळाला इपॉक्सी लावावी आणि तो फरशीपासून थोडा वर, दगडाच्या किंवा धातूच्या बैठकीवर ठेवावा. चौकटीत पांढरट रसकाष्ठ, म्हणजे खोडाच्या बाहेरच्या थराचे लाकूड, असेल तर वाळवी आणि बुरशी आधी तिथेच पोहोचतात. सागवान टिकाऊ असते ते त्याच्या गाभ्यापुरतेच, हे विकत घेताना सहसा कोणी सांगत नाही.

सज्जाबद्दलही लिहितो. दाराच्या तळापासून सज्जाच्या खालच्या बाजूपर्यंत जेवढी उंची असेल, तिच्या निम्मा तरी सज्जा पुढे आलेला असावा, असा दार बनवणाऱ्यांचा ठोकताळा आहे. तुमच्याकडे तो दोन वितींचा, म्हणजे ४५ सेंटिमीटरच्या आसपास असणार, आणि हवा सव्वा मीटर. जमत असेल तर छत वाढवा. त्याने जेवढा फायदा होईल तेवढा कोणत्याही डब्यातल्या वॉर्निशने होणार नाही. ते जमत नसेल तर निदान दाराच्या तळाशी बाहेरून उतरती पाणपट्टी बसवा आणि तिच्या खालच्या बाजूला एक खाच कोरा, म्हणजे पाणी तिथेच तुटून खाली पडते, मागे ओघळत दाराच्या तळाशी जात नाही.

उंबरठा

धागा वर काढतो आहे. कामाला आता चौदा महिने झाले, त्यात पावसाचे संपूर्ण दिवस येऊन गेले. वरच्या बिजागरीचे दोन स्क्रू खरोखरच निखळले होते, खुंट्या ठोकून ती दुरुस्त केली आणि घासणे तेवढ्यानेच थांबले. रंधा लावावाच लागला नाही. पावसात कुलपाच्या बाजूची फट साडेचारवरून दोन मिलिमीटरपर्यंत आली, परंतु दार अडले नाही. छत सव्वा मीटर करणे शक्य नव्हते, ते पाऊण मीटरपर्यंत वाढवले. तळाला इपॉक्सी, त्यावर वॉर्निशचे चार हात, आणि समोरच्या बाजूला सहा हात दिले. काळे डाग नव्वद टक्के गेले, मुठीच्या खाली एक पुसट सावली उरली आहे.

एक कमतरता मात्र राहिली. पाणपट्टीच्या वरच्या कडेला, जिथे ती दाराला मिळते, वॉर्निशची चमक गेली आहे आणि तिथे पाण्याचे थेंब गोल न राहता पसरतात. बाकी सर्व दारावर ते मोत्यासारखे टिकतात. हे बिघडण्याचे लक्षण आहे का?

रोगण

आहे, पण तुम्ही ते अगदी योग्य वेळी पकडले आहे. थेंब पसरू लागला म्हणजे थर झिजला आहे, परंतु लाकूड अजून उघडे पडलेले नाही. पापुद्रे निघेपर्यंत थांबलात तर पुन्हा खरवडण्यापासून सुरुवात करावी लागेल. आत्ता सौम्य साबणाच्या पाण्याने धुवा, वाळू द्या, २४० नंबरच्या कागदाने फक्त चमक मारा आणि दोन हात द्या. अर्ध्या दिवसाचे काम आहे. पश्चिमेच्या दाराला हे दर वर्षी, दीड वर्षाला करावे लागेल हे धरून चाला. दार धुताना दाबाच्या पाण्याची नळी वापरू नका, ती पाणी पॅनेलच्या खाचेत घुसवते.

रंधा

पाणपट्टी दाराला मिळते त्या सांध्यात फट दिसते का तेही पाहा. तिथे पाणी थांबत असेल तर दोन हातांनी भागणार नाही. पट्टी काढून मागच्या बाजूला वॉर्निश द्या आणि वरच्या कडेला बारीक लवचिक सीलंट भरून पुन्हा बसवा.

उंबरठा

पट्टी काढली. तिची मागची बाजू कोरीच होती.